संसदेपुढचं प्युरिटन प्रवचन कसं वाचावं: बडोद्याच्या वाचनगटासाठी

फेब्रुवारी १६४२ पासून १६४९ च्या सुरुवातीपर्यंत इंग्लंडच्या संसदेनं दर महिन्याचा शेवटचा बुधवार उपासाचा ठरवला होता. त्या दिवशी हाउस ऑफ कॉमन्सचे सभासद वेस्टमिन्स्टरच्या सेंट मार्गारेट चर्चमध्ये बसत आणि सकाळी एक, दुपारी एक अशी दोन प्रवचनं ऐकत. त्यानंतर सभागृह प्रवचनकाराचे आभार मानी आणि प्रवचन छापायची विनंती करी. यामुळे राजा आणि संसद यांच्यातल्या यादवी युद्धाच्या काळात प्युरिटन (इंग्लंडचं चर्च आणखी सुधारू पाहणारे कडवे प्रोटेस्टंट) धर्मोपदेशक राज्यकर्त्यांच्या तोंडावर काय बोलत होते, ते तारखेनिशी छापील मिळतं.

बडोद्यात इतिहास शिकताना इंग्लंडच्या यादवीच्या कारणांत ‘प्युरिटन पंथ’ हा एक मुद्दा पाठ होतो आणि तिथंच राहतो. एक प्रवचन सबंध वाचलं की तो मुद्दा जिवंत होतो. चारपाच जणांचा गट, दीड-दीड तासाच्या चार संध्याकाळी आणि एका मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर इंटरनेट, एवढ्यात हे काम होतं. सगळ्यांचं इंग्रजी सारखं नसलं तरी चालतं. गुजराती माध्यमातून शिकलेल्यांनी आपल्या नोंदी गुजरातीत ठेवल्या तर काही बिघडत नाही, फक्त बायबलच्या वचनांचे अध्याय आणि ओवी-क्रमांक सगळ्यांनी एकसारखे लिहावेत.

कोणतं प्रवचन घ्यायचं

पहिल्या खेपेला स्टीफन मार्शलचं ‘मेरोज कर्स्ड’ घ्या. ते २३ फेब्रुवारी १६४२ रोजी, म्हणजे मासिक उपासाच्या पहिल्याच बुधवारी झालं. मार्शल एसेक्समधल्या फिंचिंगफील्ड गावचा धर्मोपदेशक. संसदेपुढे सर्वांत जास्त वेळा बोलावल्या गेलेल्यांपैकी तो एक. कॉमन्समधला राजाविरोधी पुढारी जॉन पिम वारला तेव्हा अंत्यविधीचं प्रवचन त्यानंच केलं. त्याचं इंग्रजी साधं आहे, बांधणी स्वच्छ आहे आणि विषय अंगावर येणारा आहे.

जॉन डन किंवा लॅन्सलॉट अँड्र्यूज या आधीच्या पिढीच्या नामवंत प्रवचनकारांपासून सुरुवात करू नका. ती प्रवचनं देखणी आहेत, पण त्यांची घडण दरबारी. शब्दाशब्दातून अर्थ पिळत जाणाऱ्या त्या शैलीला प्युरिटनांनी जाणूनबुजून पाठ दाखवली होती. ती वाचून प्युरिटन प्रवचनाची सवय लागत नाही.

मजकूर मिळवणं

अर्ली इंग्लिश बुक्स ऑनलाइन या संग्रहातल्या हजारो जुन्या इंग्रजी पुस्तकांचा टाइप केलेला मजकूर सर्वांना मोफत खुला आहे. पंचवीस हजारांवर पुस्तकांचा पहिला टप्पा जानेवारी २०१५ मध्ये खुला झाला, दुसरा २०२० मध्ये. शोधताना शीर्षक नेमकं टाकू नका, कारण त्या काळी एकच शब्द दोन-तीन तऱ्हांनी लिहीत. लेखकाचं नाव आणि वर्ष टाका.

टाइप केलेल्या मजकुरात काळा ठिपका दिसला तर एक अक्षर वाचता आलेलं नाही असं समजा. कोनदार कंसात चौकट दिसली तर सबंध शब्द गेला आहे. ग्रीक किंवा हिब्रू शब्द आला की बहुतेक ठिकाणी नुसती ‘इतर लिपी’ अशी खूण असते. अशा जागा अंदाजानं भरू नका. पान छायाचित्रात पाहायला मिळालं तरच भरा. छायाचित्रात लांब शेपटीचा ‘एस’ जवळजवळ ‘एफ’सारखा दिसतो, ‘यू’ आणि ‘व्ही’ एकमेकांच्या जागी येतात आणि ‘जे’च्या जागी ‘आय’ असतो. दोन पानं मोठ्यानं वाचली की डोळा बसतो.

सोबत तीन बायबलं उघडी ठेवा: १५६० चं जिनिव्हा बायबल, १६११ चं किंग जेम्स आणि मराठी पवित्र शास्त्र. तिन्ही मोबाइलवर मिळतात. जिनिव्हा बायबल तिथल्या समासातल्या टीपांसाठी हवं. त्या टीपा राजाच्या आज्ञेपेक्षा देवाची आज्ञा वर मानतात, म्हणून जेम्स राजाला त्या खुपत होत्या, आणि पुढच्या पिढीचे प्रवचनकार त्याच टीपा वाचत मोठे झाले होते.

पहिली संध्याकाळ: तारीख आणि मुखपृष्ठ

मजकुराला हात लावण्याआधी तारीख पक्की करा. सगळ्यात जास्त चुका इथंच होतात. मार्शलच्या मुखपृष्ठावर २३ फेब्रुवारी १६४१ असं छापलेलं आहे, आणि वर आपण १६४२ म्हटलं. दोन्ही बरोबर. इंग्लंडात तेव्हा वर्ष २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे पहिले २४ दिवस जुन्या वर्षात मोजले जात. बडोद्याच्या माणसाला हे समजावं लागत नाही: शेजारच्या गुजराती घरातलं संवत दिवाळी झाली की बदलतं, आपलं शक पाडव्याला, आणि मधल्या महिन्यांत दोन्ही घरांची पंचांगं आपापल्या परीनं बरोबर असतात. म्हणून या तीन महिन्यांतली तारीख नोंदवताना १६४१/४२ अशी दोन्ही वर्षं लिहा. शिवाय इंग्लंडचं कॅलेंडर युरोपातल्या नव्या कॅलेंडरपेक्षा दहा दिवस मागे होतं. फ्रान्स किंवा इटलीच्या घटनांशी ताळा घालायचा असेल तेवढ्यापुरतं ते लक्षात ठेवा.

हे नीट न केल्यास काय होतं ते पाहा. २३ फेब्रुवारी खरोखर १६४१ ची धरली तर प्रवचन आयर्लंडमधल्या ऑक्टोबर १६४१ च्या बंडाआधी पडतं, आणि त्यातली रक्ताची, छळाची, वेढ्यात सापडलेल्या धर्मबांधवांची सगळी भाषा हवेतून आल्यासारखी वाटते. १६४२ धरल्यावर क्रम असा दिसतो: ऑक्टोबरमध्ये आयर्लंडचं बंड, ४ जानेवारीला चार्ल्स राजा पाच सभासदांना पकडायला स्वतः कॉमन्समध्ये घुसला, १० जानेवारीला त्यानं लंडन सोडलं, २३ फेब्रुवारीला हे प्रवचन आणि २२ ऑगस्टला नॉटिंगहॅमला राजाचा युद्धध्वज उभा राहिला. युद्ध सहा महिन्यांवर आहे आणि कोणाच्या बाजूनं उभं राहायचं हे समोर बसलेल्या कित्येकांचं अजून ठरलेलं नाही.

तारीख मुद्दाम निवडलेली आहे का, हेही बघा. लाँग पार्लमेंट, म्हणजे आपण जिच्याबद्दल बोलतोय तीच संसद, ३ नोव्हेंबर १६४० ला भरली आणि तिच्यापुढची पहिली उपासाची प्रवचनं कॉर्नेलियस बर्जेस आणि मार्शल यांनी १७ नोव्हेंबरला केली. १७ नोव्हेंबर हा एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणाचा दिवस, म्हणजे प्रोटेस्टंट इंग्लंडचा सणच. तसाच ५ नोव्हेंबर, १६०५ च्या गनपावडर कटाचा. हेन्री बर्टननं १६३६ च्या ५ नोव्हेंबरला बिशपांवर प्रवचनं केली आणि पुढच्या जूनमध्ये प्रिन व बॅस्टविक या बिशपविरोधी लेखकांसोबत त्याचे कान कापले गेले.

मग मुखपृष्ठ आणि त्यामागचं पान. प्रवचन कोणापुढे झालं, कोणत्या प्रसंगी, कोणाच्या आज्ञेनं छापलं, प्रवचनकार कोणत्या परगण्यातला, हे सगळं तिथं असतं. आभाराचा आदेश छापलेला असेल तर तो शब्दशः उतरवून घ्या. त्यात आभार कळवायची जबाबदारी ज्या सभासदावर टाकली त्याचं नाव असतं, आणि तो सभासद बहुतेकदा प्रवचनकाराला ओळखणारा, त्याचं नाव सुचवणारा निघतो. प्रवचन कोणत्या गटाकडून आलं याचा हा सगळ्यात स्वस्त पुरावा. जॉर्ज थॉमसन या लंडनच्या पुस्तकविक्रेत्यानं १६४० ते १६६१ दरम्यान बावीस हजारांवर पुस्तकं-पत्रकं जमवली आणि पुष्कळांवर हातानं तारीख घातली. तुमच्या प्रवचनाच्या नोंदीत ‘थॉमसन प्रत’ असा शेरा आणि तारीख असेल तर बोलल्यापासून विकायला येईपर्यंत किती दिवस गेले ते काढता येतं.

दुसरी संध्याकाळ: चार भाग पाडणं

प्युरिटन प्रवचनाची चौकट ठरलेली असते. विल्यम पर्किन्स या केंब्रिजच्या धर्मोपदेशकानं ती १५९२ मध्ये लॅटिन पुस्तकात मांडली. इंग्रजी भाषांतर त्याच्या मृत्यूनंतर निघालं आणि दोन पिढ्या त्यावर तयार झाल्या. आधी बायबलचं वचन. मग त्या वचनाची उकल, म्हणजे कोण बोलतंय, कोणाला, कुठल्या प्रसंगी. मग त्यातून काढलेला सिद्धांत, एका वाक्यात. मग त्या सिद्धांताची कारणं आणि बायबलमधले दाखले. शेवटी उपयोग, म्हणजे ऐकणाऱ्यानं आता काय मानायचं आणि काय करायचं.

वचन आणि उकल एकत्र धरून चार रंगांच्या पेन्सिली घ्या. छापील प्रतीत सिद्धांत, कारण, उपयोग या शब्दांची आखूड रूपं समासात किंवा परिच्छेदाच्या तोंडाशी असतात, त्यामुळे सांधे सापडायला वेळ लागत नाही. एकाच प्रवचनात दोन-तीन सिद्धांत असतील तर प्रत्येकाखालची कारणं आणि उपयोग वेगळे मोजा. किती पानं कशाला दिली याचा आकडा प्रत्येक भागापुढे लिहा. हा आकडा पुढे फार बोलतो: कारणं दोन पानांत उरकून उपयोगाला वीस पानं दिली असतील तर प्रवचनकाराला पटवायचं कमी आणि हलवायचं जास्त आहे.

मार्शलचं वचन शास्ते ५:२३. दबोरा आणि बाराक कनानी सेनापती सीसराशी लढले तेव्हा मेरोज नावाचं गाव मदतीला आलं नाही, म्हणून परमेश्वराचा दूत त्या गावाला शाप द्यायला सांगतो. मेरोजनं शत्रूला मदत केली असं वचनात कुठंच नाही. ते नुसतं घरी बसलं. यातून मार्शल सिद्धांत काढतो की देवाच्या लोकांना त्यांच्या शत्रूंविरुद्ध आपलं बळ आणि उत्तम मदत जे देतात ते धन्य आणि जे देत नाहीत ते शापित. या एका वाक्यानं तटस्थ राहायची जागाच पुसून टाकली. राजा हा शब्द त्या वाक्यात नाही, पक्षाचं नाव नाही, तरी फेब्रुवारी १६४२ मध्ये ते ऐकणाऱ्याला मधे उभं राहायला जमीन उरत नाही.

इथं वाचकाची नेहमीची घाई आवरा. आजच्या माणसाला सिद्धांत आणि कारणं कंटाळवाणी वाटतात, म्हणून तो थेट उपयोगावर उडी मारतो आणि तिथली गरम वाक्यं वेचतो. तसं केल्यावर प्रवचनकार धर्माचा बुरखा घेतलेला पुढारी दिसू लागतो. हे वाचन चुकीचं आहे. समोरच्या सभासदांना सिद्धांत पटला तरच उपयोगाला वजन होतं, आणि सिद्धांत वचनातून निघालेला दिसला तरच तो पटणार होता. प्रवचनकार उपयोगात जे मागतो त्याची हद्द सिद्धांत ठरवतो. म्हणून गटानं दुसऱ्या संध्याकाळी उपयोगाची पानं उघडायचीच नाहीत. वचन, सिद्धांत, कारणं एवढंच वाचून प्रत्येकानं कागदावर लिहावं: यावरून हा माणूस संसदेकडे काय मागू शकतो आणि काय मागू शकत नाही?

तिसरी संध्याकाळ: उपयोग

आता कालचे कागद समोर ठेवून उपयोग वाचा. उपयोगांचे प्रकार ठरलेले: शिकवण देणारा, चूक खोडणारा, दोष दाखवणारा, स्वतःला तपासायला लावणारा, कृतीला उद्युक्त करणारा, धीर देणारा. प्रत्येक परिच्छेदापुढे प्रकार लिहा. पर्किन्सनं ऐकणाऱ्यांचे सात वर्ग पाडले होते आणि प्रत्येकाला वेगळं औषध सांगितलं होतं, म्हणून ‘तुम्ही’ म्हणताना प्रवचनकार कोणाकडे बघतोय तेही टिपा: सभासदांकडे, लंडनच्या नागरिकांकडे, पापी जीवाकडे, की सगळ्या राष्ट्राकडे. एकाच पानावर हा ‘तुम्ही’ तीनदा बदलतो.

मार्शल दोषाच्या उपयोगात यिर्मया ४८:१० आणतो, जिथं रक्तापासून तलवार मागे घेणाऱ्याला शाप आहे, आणि स्तोत्र १३७ मधलं बाबेलच्या लेकरांचं भयंकर वचनही आणतो. हे वाचताना गटात शांतता पसरते आणि पसरावीही. पण तेवढंच उचलू नका. याच प्रवचनात मदत कशी करायची हे सांगताना प्रार्थनेला मोठी जागा आहे. जे हातात शस्त्र धरू शकत नाहीत त्यांनाही प्रार्थनेनं देवाच्या बाजूला येता येतं, हे मार्शलला मनापासून म्हणायचं आहे. तलवारीची पानं किती आणि प्रार्थनेची किती, हे मोजा आणि मगच मत द्या.

नावं न घेता बोलायची खास भाषा आहे, तिची वही ठेवा. बाबेल म्हणजे रोम आणि रोमसारखं दिसणारं सगळं, त्यात कँटरबरीचा आर्चबिशप विल्यम लॉड याचे बिशपही. सियोन किंवा यरुशलेमची तटबंदी बांधणं म्हणजे चर्चची सुधारणा. एज्रा आणि नहेम्या त्यासाठी येतात. करार म्हटलं की सप्टेंबर १६४३ नंतर ऐकणाऱ्याला स्कॉटलंडशी केलेला पवित्र करार आठवणार, त्याआधी नाही. रक्तानं देश विटाळतो आणि रक्त सांडणाऱ्याच्या रक्तानंच शुद्ध होतो, हे गणना ३५:३३ चं वचन १६४८ मध्ये आलं तर कान टवकारा, कारण सैन्यात तेव्हा चार्ल्सला ‘रक्ताचा माणूस’ म्हणू लागले होते. वहीत शब्दापुढे वर्ष लिहिल्याशिवाय नोंद पुरी धरू नका.

वचनं तिन्ही बायबलांत पडताळा. समासात दिलेला आकडा कधी छपाईत चुकलेला असतो. वचन सापडलं नाही तर शेजारचे अध्याय बघा. वचन सापडल्यावर त्याच्या मागचीपुढची पाच वचनंही वाचा. प्रवचनकारानं अर्धं वचन घेऊन उरलेलं सोडलं असेल, तर सोडलेला भाग समोरच्यांना तोंडपाठ होता हे विसरू नका. न उच्चारलेला भागही त्या चर्चमध्ये ऐकू जात होता.

चौथी संध्याकाळ: बाहेरचा पुरावा

हाउस ऑफ कॉमन्सची जर्नलं ब्रिटिश हिस्टरी ऑनलाइनवर मोफत आहेत. १६४० ते १६४३ साठी दुसरा खंड. प्रवचनाच्या आधीचे आणि नंतरचे सात-सात दिवस वाचा. सभागृहात काय अडलं होतं, प्रवचनकाराला बोलवायचं कधी ठरलं आणि उपयोगात मागितलेलं काही नंतर ठरावात आलं का, हे तीन प्रश्न विचारा. आलं असेल तर लगेच ‘प्रवचनामुळे ठराव झाला’ लिहू नका. पिमच्या गटानं प्रवचनकारांकडून आपलं धोरण वदवून घेतलं, असा एक जुना तर्क आहे आणि काही तारखांना तो नीट लागू पडतो. पण प्रवचनकार सांगकामे नव्हते. त्यांच्यातल्या प्रेस्बिटेरियनांनी, म्हणजे वडीलमंडळांच्या हाती सबंध देशाचं एकच चर्च हवं असणाऱ्यांनी, पुढे चर्चच्या शिस्तीवरून याच संसदेला खडसावलं, आणि जानेवारी १६४९ मध्ये लंडनच्या प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशकांनी राजावरच्या खटल्याचा जाहीर निषेध केला. ख्रिस्तोफर लव्ह तर १६५१ मध्ये चार्ल्सच्या मुलाशी संधान बांधल्याबद्दल राजाच्या शिरच्छेदानंतर आलेल्या नव्या प्रजासत्ताकाकडून मारला गेला. ‘प्युरिटन’ असं एकच नाव सगळ्यांना लावून चालत नाही; १६४४ नंतरच्या प्रत्येक प्रवचनकारापुढे प्रेस्बिटेरियन की इंडिपेंडंट (प्रत्येक मंडळी स्वतंत्र हवी म्हणणारा) हे शोधून लिहा.

छापलेलं आणि बोललेलं एकच नव्हे, हेही तपासायचं. मजकुरातले शब्द मोजा. मिनिटाला १३० शब्द धरले तर तासाला ७,८०० होतात. व्यासपीठावर वाळूचं घड्याळ असे आणि तास हे साधारण माप, पण उपासाच्या दिवशी दोन तासही चालत. तुमचा आकडा त्याच्याही पुढे गेला तर अर्पणपत्रिका पुन्हा वाचा. वेळेअभावी राहिलेलं छापताना घातलं, असं प्रवचनकार पुष्कळदा स्वतःच सांगतो. ऐकणारे लघुलिपीत टिपून घेत. थॉमस शेल्टनची लघुलिपी त्यात नावाजलेली. पुढे सॅम्युअल पेपिसनं आपली रोजनिशी तिच्यातच लिहिली. एखाद्या प्रवचनाच्या अशा नोंदी छापलेल्या मिळाल्या तर छापील पुस्तकापेक्षा त्या आधी वाचा.

पुढचं प्रवचन

मेरोज झाल्यावर त्याच दिवशीचं दुसरं प्रवचन घ्या: एडमंड कॅलमी, यहेज्केल ३६:३२. तिथं देव म्हणतो की मी हे तुमच्यासाठी करत नाही, तुमच्या वर्तनाची लाज धरा. एकाच दिवशी, त्याच सभासदांपुढे एक प्रवचनकार मदतीला न येणाऱ्यांना शाप सांगतो आणि दुसरा फुकट मिळालेल्या दयेपुढे मान खाली घालायला लावतो. दोन्हींचे सिद्धांत एका कागदावर शेजारी लिहिले की प्युरिटन राजकारणाची दोन टोकं हातात येतात.

तिसरं, जॉन ओवेनचं ३१ जानेवारी १६४९ चं, यिर्मया १५:१९-२० वरचं. आदल्या दिवशी राजाचा शिरच्छेद झालेला. त्या घटनेचं नाव घेऊन ओवेन बोलत नाही, त्यामुळे वरची सगळी पद्धत इथं कसाला लागते: वचन, सिद्धांत, ‘तुम्ही’ कोण, अर्धं सोडलेलं वचन. १६६२ च्या एकरूपता कायद्यानंतर चर्चमधून बाहेर काढलेल्या धर्मोपदेशकांची निरोपाची प्रवचनं त्यानंतर वाचावीत. ती सभागृहापुढची नाहीत, आपापल्या परगण्यातल्या माणसांपुढची आहेत, आणि तिथं आभाराचा ठराव शोधत बसू नये.